माफी मागू नका, उतारा मागा

(दिग्रस येथे झालेल्या शेतकरी बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाचा वेचा अंगावर आहे, मजूर मिळत नाही, तरी तुम्ही दोन तास काढून आलात. तेव्हा मी लांबण लावणार नाही. आज भावाबद्दल बोलणार नाही, बोंडअळीबद्दलही नाही. आज बोलायचे आहे आपल्याच पासबुकाबद्दल.

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शेतकी पदवी घेतली. एकरी नत्र किती, स्फुरद किती, पराटीच्या दोन ओळींत अंतर किती, हे सगळे तिथे शिकलो आणि पुढे गावोगाव सांगत फिरलो. पण चार वर्षांत एक गोष्ट मला कुणी शिकवली नाही. बँकेचा खातेउतारा कसा वाचायचा ते. मातीचा अहवाल मला वाचता यायचा, बापाच्या कर्जाचा कागद वाचता यायचा नाही.

बैल मेला, हप्ता चालू

माझ्या वडिलांनी बैलजोडीसाठी एका बँकेचे कर्ज घेतले होते. दुसऱ्या वर्षी एक बैल मेला. त्यानंतर दोन हंगाम कोरडे गेले, कर्ज थकले. वडील बँकेच्या रस्त्याने जायचे टाळायचे. बाजारात बँकेचा माणूस दिसला तर दुसऱ्या गल्लीने निघून जायचे. घरात कधी बोलले नाहीत, पण आपण बुडवे आहोत हे त्यांनी मनाशी धरले होते. तसेच ते गेले.

ते गेल्यावर मी कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा मागितला. तीन चकरा मारल्यावर मिळाला. कंदील घ्यायची वेळ नव्हती, घरात वीज होती, पण त्या रात्री मला खरोखर कंदील घेऊन काही शोधतो आहे असे वाटले. मेलेल्या बैलाच्या विम्याचा हप्ता पुढची चार वर्षे खात्यात पडत होता. दरवर्षी ‘तपासणी खर्च’ म्हणून रक्कम होती. आमच्या आवारात तपासणीला कोणी आले असते तर गावच्या कुत्र्यांनी तरी सांगितले असते! आणि या सगळ्या रकमा मुद्दलात घालून त्यांच्यावर व्याज, त्या व्याजावर पुन्हा व्याज.

मी अर्ज केला. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला ‘नियमाप्रमाणे आहे’ असे उत्तर आले. तिसऱ्या अर्जात मी विचारले, कोणत्या नियमाप्रमाणे, त्याची प्रत द्या. मग हप्ते आणि तपासणी खर्च व्याजासह उलट जमा झाले. रक्कम काही हजारांचीच होती. विहीर बांधून झाली नसती तिच्यात. पण माझा बाप जेवढा स्वतःला समजत होता तेवढा देणेकरी नव्हता, हे मला कळले. त्याला मात्र ते कळले नाही. एवढ्यासाठी मी आज तुमच्यासमोर उभा आहे.

खतावणी उघडण्याचा हक्क

हा हक्क नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले. ते पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. शेतकऱ्यांचा रोख होता सावकाराच्या दप्तरावर. कर्जरोखे आणि खतपत्रे त्यांनी ताब्यात घेऊन जाळली. कागद जाळण्यामागचे कारण हेच की त्या कागदात काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला कधी दाखवलेच जात नव्हते.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो मुळात पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता, आपल्या वऱ्हाडासाठी नव्हता. पण त्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. एक, रोख्यावर अंगठा असला तरी न्यायालयाने त्याच्या मागे जाऊन मूळ दिले किती, घेतले किती, व्याज किती याचा हिशेब उघडावा. दुसरी, शेतकऱ्याला पावती, हिशेबाचे पत्रक आणि पासबुक मिळावे. आपल्या हातातले पासबुक अशा भांडणातून आले आहे. ते बँकेने कौतुकाने दिलेले नाही.

पुढे सावकाराच्या जागी बँक आली. १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम घातले गेले. बँकेचे व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाने हिशेब पुन्हा उघडू नये, असे ते कलम सांगते. म्हणजे सावकाराची वही उघडता येते, बँकेची येत नाही, असा उलटा न्याय झाला. पण दार पूर्ण बंद झाले नाही. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने कॉर्पोरेशन बँक विरुद्ध डी. एस. गौडा या निकालात सांगितले की, बँकेने रिझर्व्ह बँकेच्या सूचनांपेक्षा जास्त व्याज लावले असेल तर न्यायालय त्यात हात घालू शकते. शेतीकर्जावर तिमाही किंवा सहामाही चक्रवाढ लावता येत नाही, शेतकऱ्याचे उत्पन्न पिकाबरोबर येते म्हणून चक्रवाढ वर्षाला एकदाच, हेही त्याच निकालात आहे. २००१ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र या निकालात शेतीकर्जाचे हे वेगळेपण मान्य केले आणि दंडव्याज मुद्दलात मिळवता येणार नाही असे सांगितले.

हे निकाल तुमच्यासाठी आहेत. तुम्हाला ते कोणी सांगितले नाहीत, एवढेच.

आधी बचतखाते पाहा

आता बचतखात्याचे पासबुक उघडा. १७ रुपये ७० पैसे अशी नोंद कुणाकुणाच्या पासबुकात दिसली असेल. तिची गोष्ट सांगतो.

जनधनसारख्या मूलभूत बचतखात्यात महिन्याला चार वेळा पैसे काढणे मोफत असते. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आशिष दास यांनी या खात्यांचा अभ्यास केला. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात चारनंतरच्या प्रत्येक व्यवहारावर, तो मोबाईलवरून यूपीआयने केलेला असो की रुपे कार्डाने, १५ रुपये आणि वर कर, म्हणजे १७ रुपये ७० पैसे कापले, असे त्यांनी मांडले. असे किमान १४ कोटी व्यवहार, आणि गोळा झालेले पैसे २५४ कोटींच्या वर. कुणाचे? ज्याने किराणा दुकानात चाळीस रुपये दिले त्याचे. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना सांगितले की १ जानेवारी २०२० नंतर अशा व्यवहारांवर घेतलेले शुल्क परत करा. फेब्रुवारी २०२१ पासून स्टेट बँकेने सुमारे ९० कोटी परत केले. त्याआधीच्या काळातले १६४ कोटी परत झाले नाहीत, असे दास यांनी २०२१ च्या अहवालात दाखवून दिले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. खात्यातून गेलेला पैसा परत येऊ शकतो, नव्वद कोटी आले. आणि कोणीतरी बसून ओळ न ओळ मोजली म्हणून आले.

किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापला असेल तर तेही पाहा. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की आधी खातेदाराला कळवायचे, एक महिना द्यायचा, जेवढी शिल्लक कमी तेवढ्या प्रमाणात आकार घ्यायचा, आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होऊ द्यायचे नाही. हा नियम एप्रिल २०१५ पासून आहे. मूलभूत बचतखात्याला तर किमान शिल्लक लागतच नाही. साधे खाते त्यात बदलून घेण्याचा अर्ज करता येतो.

आता मायबहिणींनी विशेष लक्ष द्यावे. पासबुकात ४३६ रुपये आणि २० रुपये अशा दोन ओळी असतात. मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या तोंडावर पडतात. पहिली प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची, दुसरी सुरक्षा विम्याची. जून २०२२ पूर्वी हे आकडे ३३० आणि १२ होते. हे दोन्ही विमे ऐच्छिक आहेत. तुम्ही सही केली नसेल तर बँकेला संमतीचा कागद दाखवायला सांगा, नसेल तर पैसे परत मागा.

पण परत मागण्याआधी दुसरी बाजूही ऐका. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराने त्याचे पासबुक कपाटात टाकून देऊ नये. त्यात त्या वर्षीची ४३६ ची ओळ असेल तर कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला दोन लाखांचा दावा आहे. २० ची ओळ असेल तर अपघाती मृत्यूला दोन लाख. वयाच्या आणि मुदतीच्या अटी आहेत, म्हणून ताबडतोब बँकेत जा. आपल्या जिल्ह्यात किती घरांचा कर्ता माणूस अकाली गेला हे मी सांगायला नको. त्या घरी सांत्वनाला जाल तेव्हा चहा पिऊन उठण्याआधी पासबुक मागून पाहा.

मग कर्जखाते

कर्जाचे पासबुक बहुतेकांकडे नसतेच. म्हणून उतारा मागायचा, तोही कर्ज घेतल्या दिवसापासूनचा. त्यात सहा ठिकाणी लाल पेन्सिल लावा.

पहिले, व्याज मुद्दलात कधी मिळवले? पीककर्जाची मुदत संपलेली नाही तोवर त्यावर चक्रवाढ नाही. थकल्यावर मिळवता येते, पण वर्षाला एकदा. फरक किती पडतो ते पाहा. एक लाख रुपये बारा टक्क्यांनी पाच वर्षे थकले असे धरा. वर्षाला एकदा चक्रवाढ लावली तर व्याज ७६,२३४ रुपये होते. दर तिमाहीला लावली तर ८०,६११ होते. ४,३७७ रुपयांचा फरक. २०२५–२६ च्या हंगामाचा संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे. म्हणजे कागदावरची एक खोड तुमची क्विंटलभराहून जास्त ज्वारी खाऊन जाते. पीक रात्री झोपते भावांनो, व्याज झोपत नाही.

दुसरे, नवे-जुने. मार्च आला की आपण इकडून तिकडून दोन दिवसांसाठी पैसे उचलतो, कर्ज भरतो, आणि नवे घेतो. कधी कधी पैसे न भरताच कागदावर नवे-जुने होते. तेव्हा जुने व्याज नव्या मुद्दलात जाऊन बसते आणि पुढच्या वर्षी ते व्याज आहे हे ओळखूही येत नाही. म्हणून उतारा चालू वर्षाचा मागू नका, मुळापासूनचा मागा.

तिसरे, किरकोळ खर्च. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर आणि किसान क्रेडिट कार्डावर प्रक्रिया, कागदपत्रे, तपासणी, खातेवहीचे पान असे कोणतेही आकार घेऊ नयेत, असे बँकांच्या संघाने २०१९ साली सर्व बँकांना कळवले आहे. तुमच्या उताऱ्यात त्यानंतर असा आकार असेल तर तो परत मागा.

चौथे, दंड. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये व्यापारी आणि ग्रामीण बँकांना सांगितले की उशिरा फेडीचा दंड व्याजदरात मिळवायचा नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचे नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले.

पाचवे, मदतीचे पैसे. अतिवृष्टीची किंवा दुष्काळाची मदत खात्यात आली आणि बँकेने ती कर्जाकडे वळवली, किंवा खाते अडवून ठेवले, हे आपल्याकडे दरवर्षी होते. मदत वाटपाच्या शासन निर्णयातच लिहिलेले असते की या रकमेतून कोणतीही वसुली करू नये. त्या निर्णयाची प्रत तहसीलमधून घ्या आणि अर्जाला जोडा.

सहावे, व्याज परतावा. वेळेवर फेड करणाऱ्याला केंद्राची सवलत आहे आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची व्याज सवलत योजना आहे. ज्याने घरचे मंगळसूत्र गहाण ठेवून मुदतीत भरले, त्याच्या खात्यात परताव्याची ओळ आली का? नसेल तर का नाही, हे विचारा.

सोसायटीच्या सभासदांसाठी आणखी एक. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम ४४-अ सांगते की, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुदतीच्या शेतीकर्जावर मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपले आजे ज्याला दामदुप्पट म्हणायचे तेच हे. वसुलीची नोटीस आली की आधी पाहा, दाम दुपटीच्या वर गेला आहे काय? गेला असेल तर गटसचिवाला आणि सहाय्यक निबंधकाला कलमाचा आकडा घालून अर्ज द्या.

मागायचे कसे

तोंडी मागितलेले वाऱ्यावर जाते. अर्ज दोन प्रतींत लिहा. कोणत्या तारखेची कोणती ओळ, किती रुपये, त्यावर हरकत काय, हे एकेक करून लिहा. ‘कोणत्या नियमाने आकारले त्याची प्रत द्यावी’ हे वाक्य शेवटी असू द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. शिक्का देत नसतील तर पोस्टाने रजिस्टर करा.

तीस दिवस थांबा. उत्तर नाही, किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. २०२१ पासून सगळ्या देशाला एकच व्यवस्था आहे. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेले चालते. १४४४८ हा त्यांचा फोन आहे. पूर्वी जिल्हा मध्यवर्ती बँक या व्यवस्थेबाहेर होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य आणि जिल्हा सहकारी बँकांनाही त्यात आणल्याचे जाहीर केले. तिथेही समाधान झाले नाही तर यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावे लागते. म्हणून उतारा पेटीत ठेवून म्हातारा करू नका.

एक सावधगिरी. बँकेचा माणूस ‘बाकी कबूल’ असा कागद घेऊन येतो. त्यावर सही केली की कर्जवसुलीची कायद्याची मुदत नव्याने सुरू होते आणि आकडाही तुम्ही मान्य केला असे धरले जाते. कोऱ्या आकड्यावर सही करू नका. सही करणे भागच असेल तर वर लिहा, ‘व्याज आकारणीबद्दल हरकत कायम ठेवून’.

कुणी म्हणेल, साहेब, आम्ही अर्ज केला तर पुढच्या मृगात कर्ज कोण देईल? ही भीती खरी आहे. एकट्याला त्रास देणे सोपे असते. म्हणून एका गावच्या पंचवीस जणांनी एकाच दिवशी अर्ज द्या. आणि खिडकीवरच्या पोराशी भांडू नका. त्याने व्याज लावलेले नाही, ते संगणकाने लावले आहे आणि संगणकाला वरून सांगितले आहे. त्याच्याशी नीट बोला, कागद मात्र सोडू नका.

काही आकार बरोबरही निघतील. ते मान्य करा. खोटी हरकत घेतली की खरी हरकतही पडते. आपण हिशेब मागतो आहोत, तेव्हा आपलाही हिशेब चोख हवा.

यामुळे कर्ज संपेल असे मी म्हणत नाही. कापसाला भाव नाही, पाणी नाही, तोवर कर्ज होणार. ते भांडण वेगळे आहे आणि ते आपण लढतोच आहोत. पण ज्याला आपले देणे नक्की किती हे माहीत नाही, तो भावाच्या लढाईतही मान खाली घालून उभा राहतो. माफीच्या यादीत नाव आले काय, याची वाट पाहत आपण वर्षे काढली. माफी मागणारा आधीच कबूल करतो की चूक त्याची आहे. हिशेब मागणारा ताठ उभा असतो.

पुढल्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकाने दोन कागद आणायचे, बचतखात्याचे पासबुक आणि कर्जखात्याचा मुळापासूनचा उतारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याजवळ शाळेत जाणारी पोरगी बसवू, ती वाचेल, आपण खूण करू. लाल पेन्सिली मी आणतो.

तुमचा बाप बँकेच्या रस्त्याने जायला भीत असेल, तर तो जिवंत आहे तोवर त्याचा उतारा काढा.

एवढे बोलतो आणि थांबतो.